अभयारण्यातल्या रस्त्यावर माझी गाडी नक्की कोण थांबवू शकतं? वन, गृह आणि परिवहन खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, मा. गृहमंत्री आणि मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार,

तुम्हा तिघांना मिळून एकच पत्र लिहितेय, कारण ज्या रस्त्याबद्दल लिहायचंय तो तिन्ही खात्यांच्या मध्ये येतो आणि तिथे काहीही झालं की प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो. आम्ही राहतो पुण्यात, माझं सासर कोकणात. गेली अकरा वर्षं महिन्यातून दोनदा तरी घाट उतरून जाणं होतं, गाडी बहुतेक वेळा मीच चालवते, आणि त्या वाटेवर बारा-तेरा किलोमीटरचा पट्टा अभयारण्यातून जातो. घाट कुठला, अभयारण्य कुठलं ते मुद्दाम लिहीत नाहीये. एखाद्या वनरक्षकाची बदली व्हावी म्हणून हे पत्र नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतला रविवार, संध्याकाळचे साडेसहा, आम्ही परत येत होतो. वळणावर रस्त्यात आडवा बांबू टाकलेला. खाकीतला एक जण आणि साध्या कपड्यातली दोन पोरं. काच खाली करा, लायसन्स दाखवा, आरसी दाखवा, पीयूसी दाखवा. मी सगळं दाखवलं. मग म्हणाले मॅडम तुमचं स्पीड साठच्या वर होतं, इथे तीसची लिमिट आहे. मी म्हटलं कशावरून? स्पीडगन नाही, कॅमेरा नाही, त्या वळणावर साठने गाडी आलीच नसती हो, आणि तीसचा बोर्ड मला दिसला नव्हता (नंतर मुद्दाम जाऊन बघितला, करवंदीच्या जाळीत अर्धा झाकला गेलाय). पाचशे मागितले, बोलता बोलता दोनशेवर आलं. मधेच एका पोराने खिडकीतून हात घालून चावी काढायचा प्रयत्न केला, मागे माझी सात वर्षांची मुलगी रडायला लागली, आणि मग मी दोनशे देऊन टाकले. पावती मिळाली. पावतीवर लिहिलेलं 'पर्यटन शुल्क'. तारीख होती, गाडीचा नंबर नव्हता, सही वाचता येत नव्हती.

दोनशे रुपयांचं दुःख नाही. तीस असो की चाळीस, अभयारण्यात गाड्या हळू चालल्याच पाहिजेत हे माझं स्वतःचं मत आहे, त्यावर मी घरात भांडते. पण त्या दिवशी माझ्या मुलीने विचारलं, आई ते पोलीस होते का? मला सांगता येईना. म्हणून कायदा काढून वाचायला बसले. मी वकील नाही, शाळेत शिकवते, पण वाचता येतं.

तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २७. अभयारण्यात परवानगीशिवाय कुणी जायचं नाही, पण ज्यांना सूट आहे त्यात सरळ लिहिलंय की अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक महामार्गावरून जो नुसता पुढे चाललाय त्याला परवाना लागत नाही. म्हणजे सासरी जायला घाट उतरणारी मी पर्यटक नाही. मी रस्ता सोडून जंगलात शिरले, दरीत उतरले, प्राण्याला त्रास दिला, कचरा टाकला, तर गोष्ट वेगळी, तिथे हाच कायदा माझ्यावर लागतो आणि लागायलाच हवा. कलम ५० प्रमाणे कुठलाही वन अधिकारी, किंवा पोलिसांतला सब-इन्स्पेक्टर आणि त्याच्या वरचा अधिकारी, गाडी थांबवून झडती घेऊ शकतो, पण त्यासाठी या कायद्याखालचा गुन्हा झालाय असं मानायला योग्य कारण हवं. भारतीय वन अधिनियम १९२७ मध्ये लाकूडफाटा आणि इतर वनोपज यांची वाहतूक तपासायची सोय आहे, आपल्याकडचे जुने वन तपासणी नाके त्यासाठीच आहेत. म्हणजे डिकीत साग आहे का, शिकारीचं मांस आहे का, बंदूक आहे का, हे वनरक्षकाने विचारलं तर मी डिकी उघडायलाच पाहिजे आणि मी आनंदाने उघडीन.

पण लायसन्स? मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३०. लायसन्स दाखवायचं ते गणवेशातल्या पोलिसाला. गाडीची कागदपत्रं पोलीस, आरटीओचा अधिकारी किंवा सरकारने त्यासाठी रीतसर नेमलेला अधिकारी मागू शकतो. जागेवर दंड घेऊन प्रकरण मिटवायचा अधिकार कलम २०० मध्ये आहे, आणि तो राज्य सरकारने राजपत्रात ज्या अधिकाऱ्याचं पद जाहीर केलंय त्यालाच. चावी काढून घ्यायचा अधिकार तर या कायद्यात पोलिसालाही कुठे दिलेला नाही, कागदपत्रं ताब्यात घेणं आणि गाडी अडकवून ठेवणं यासाठी २०६ आणि २०७ ही वेगळी कलमं आहेत, त्यांच्या अटी आहेत. मग ती साध्या कपड्यातली दोन पोरं कोण होती? गावच्या वन समितीची असतील, गावातली असतील, रोजंदारीवरची असतील. त्यांच्यावरही माझा राग नाही, त्यांना कुणीतरी उभं केलं होतं.

आणि त्या तीसच्या बोर्डाचं काय? कायद्याप्रमाणे नेहमीपेक्षा कमी वेगमर्यादा ठरवायची तर कलम ११२ खाली राज्य सरकारने किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याने अधिसूचना काढायची असते आणि कलम ११६ प्रमाणे योग्य खुणेचे फलक लावायचे असतात. हिरव्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने '३०' काढलं की ती वेगमर्यादा होत नाही. अशा बोर्डावर उद्या खऱ्या पोलिसाने चलन फाडलं आणि कुणी कोर्टात विचारलं की अधिसूचना दाखवा, तर काय दाखवणार? म्हणजे बोर्ड आहे पण त्यामागे कागद आहे की नाही ते रस्त्यावर उभ्या कुणालाच माहीत नाही.

आता दुसरी गोष्ट सांगते, कारण पहिली वाचून तुम्हाला वाटेल की हिला फक्त आपल्या चलनाचं पडलंय.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रात्री पावणेनऊला त्याच पट्ट्यात रस्त्यावर सांबराची मादी पडलेली दिसली. मागचे पाय मोडलेले, जिवंत होती, मान उचलून बघत होती. रस्त्यावर हेडलाइटच्या काचा आणि बंपरचा एक तुकडा. आमच्या आधी एक टेम्पोवाले काका थांबले होते, त्यांनी टॉर्च लावून मागच्या गाड्यांना इशारा द्यायला सुरुवात केली होती. आम्ही फोन लावला. एकीकडून उत्तर आलं की प्राणी आहे म्हणजे वनखात्याला कळवा. दुसरीकडून आलं की माणूस पाठवतो, पण धडकून पळालेली गाडी शोधणं आमचं काम नाही, ते पोलिसांना सांगा. माणूस आला, पाऊण तासाने, एकटा, बाईकवर, हातात काठी. बिचारा पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. तोवर ती गेली होती. त्या पोराने तिच्या अंगावर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मी बंपरचा तुकडा दाखवला, त्यावर कंपनीचा मार्क होता, रंग होता, खालच्या नाक्यावर सीसीटीव्ही आहे तिथे बघता येईल म्हटलं. तो म्हणाला ताई मी पंचनामा करीन, मेलेल्या प्राण्याचा. गाडीचं मला कोण विचारणार.

घरी येऊन परत मोटार वाहन कायदा उघडला. कलम १३२. अपघात झाला तर पोलीस अधिकाऱ्याने सांगितल्यावर गाडी थांबवायची, माणूस, प्राणी किंवा वाहन यांना अपघात झाला असेल तर. प्राणी हा शब्द बघून बरं वाटलं, मग खाली त्याची व्याख्या वाचली. या कलमापुरतं 'प्राणी' म्हणजे घोडा, गुरंढोरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी आणि शेळी. बस. सांबर नाही, बिबट्या नाही, भेकर नाही, वाघ नाही. १९८८ साली कायदा लिहिताना कदाचित मालकीची जनावरंच डोळ्यासमोर असतील, समजू शकते. पण २०१९ मध्ये याच कायद्यात एवढी मोठी दुरुस्ती झाली, दंड कुठल्या कुठे नेले, ही ओळ तशीच राहिली. ही दुरुस्ती केंद्राने करायची आहे हे मला कळतं, पण महाराष्ट्राने एक पत्र तरी पाठवावं ना, एवढे वाघ आपल्याकडे रस्त्यावर मरतायत. डिसेंबर २०१७ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्पातला बाजीराव वाघ नागपूर-अमरावती हायवेवर बाजारगावजवळ गाडीखाली गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये नवेगाव-नागझिरा पट्ट्यात मुर्डोलीजवळ कारने वाघाला उडवलं, त्याचा सरपटत जातानाचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, तोही मेला. हे वाघ होते म्हणून बातमी झाली. आमच्या घाटात पावसाळ्यात पहिल्या सरीनंतर रात्री रस्ता नुसता खेकड्यांनी आणि बेडकांनी भरलेला असतो, उदमांजर, साळिंदर, फुरसं, चापडा, सगळे उबदार डांबरावर येतात आणि सकाळी चपट्या चकत्या होऊन पडलेले असतात. त्यांची कुठे नोंदसुद्धा होत नाही.

म्हणजे बघा, त्याच रस्त्यावर ज्याच्याकडे अधिकार नव्हता त्याने माझं लायसन्स तपासलं आणि जिथे अधिकार वापरायची खरी गरज होती तिथे तो कुणाकडेच नव्हता. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे.

आणि वनरक्षकांची बाजूही मी बघितलीय. जुलैतला शनिवार, धबधब्याजवळ पन्नास-साठ गाड्या रस्त्यातच लावलेल्या, डिकी उघडून स्पीकर चालू, बाटल्या, एक जण सायलेन्सर काढलेली बाईक रेस करत होता. तिथे एकटा वनरक्षक शिट्टी वाजवत गाड्या हलवायला सांगत होता, आणि एक धडधाकट माणूस त्याच्या छातीला बोट लावून ओरडत होता, ए तू काय पोलीस आहेस का, तुला काय अधिकार आहे रे. तो वनरक्षक गप्प झाला. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरंच नव्हतं, कारण रस्त्यात गाडी लावणं, दारू पिऊन चालवणं, कर्कश सायलेन्सर, हे सगळं मोटार वाहन कायद्यातलं, दारू पिऊन चालवलं तर कलम १८५ खाली पहिल्या वेळेला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पण ते लावायला पोलीस हवा, आणि पोलीस चौकी खाली पायथ्याला, तिथे त्या दिवशी सगळा स्टाफ बाजारपेठेतल्या ट्रॅफिकला. पोलिसांनाही मी दोष देत नाही. एका ठाण्याच्या हद्दीत किती गावं आणि हाताशी किती माणसं हे कुणीही जाऊन बघावं. अभयारण्य पोलीस ठाण्याच्या हद्दीबाहेर असतं असा एक समज मात्र लोकांत आहे, आणि कधी कधी वाटतं खात्यातही आहे. तसं नाहीये. रस्ता सार्वजनिक असेल तर वाहतुकीचा कायदा तिथे शहराइतकाच लागतो, झाडी दाट झाली म्हणून संपत नाही.

गेटच्या आत परिस्थिती वेगळी आहे हेही लिहायला हवं. सफारीच्या रस्त्यांवर वनखात्याचीच सत्ता चालते, परमिट त्यांचं, जिप्सी त्यांच्याकडे नोंदलेल्या, गाईड त्यांचे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिच्या पिल्लांना गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडलं तेव्हा चालक-गाईडवर कारवाई झाली, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कुणाला जबाबदार धरायचं ते माहीत होतं म्हणून हे होऊ शकलं. कर्नाळ्यातून मुंबई-गोवा हायवे जातो, राधानगरीतून दाजीपूर-फोंड्याकडचा रस्ता, मेळघाटात परतवाड्याहून सेमाडोह-हरिसालवरून धारणीचा रस्ता, ताम्हिणीचं तर सांगायलाच नको. या रस्त्यांवर मात्र गेटच्या आतलं राज्य चालत नाही आणि बाहेरचं पोचत नाही.

करता येत नाही असं नाही. कर्नाटकातल्या बांदीपूरचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. जून २००९ मध्ये चामराजनगरच्या जिल्हा प्रशासनाने व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या दोन राष्ट्रीय महामार्गांवर रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद केली. त्यावर भांडणं झाली, आदेश मागे घेतला गेला, कर्नाटक हायकोर्टाने बंदी परत लागू केली आणि २०१० मध्ये कायम केली, केरळची नाराजी आहेच. ती बंदी योग्य की अयोग्य यावर मी इथे बोलत नाही, आमच्या घाटात रात्रीची बंदी घालणं मलाही जड जाईल, पलीकडच्या गावातून पेशंट आणायचा तर तोच रस्ता आहे. पण तिथे जे आहे ते लेखी आहे. वेळ लिहिलेली, अँब्युलन्स सोडायची हे लिहिलेलं, ठरलेल्या बस सोडायच्या हे लिहिलेलं, गेटवरच्या माणसाला वाद घालावा लागत नाही. तसा अधिकार द्यायची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ मध्ये आहे, सार्वजनिक सुरक्षितता किंवा रस्त्याचं स्वरूप बघून ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना ठरावीक वेळी बंदी किंवा निर्बंध. वन अधिनियमाच्या कलम २५ मध्ये तर राखीव वनातली वाट बंद करायचीसुद्धा सोय आहे, फक्त आधी लोकांना दुसरी सोयीची वाट द्या म्हणून अट आहे. १९२७ सालच्या, इंग्रजांच्या काळातल्या कायद्याने एवढा विचार केला होता.

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो, त्याला ही गोष्ट सांगितली तर म्हणाला आमच्याकडे स्टेट पार्कचा रेंजर हा पोलिसासारखाच शपथ घेतलेला अधिकारी असतो, ट्रेनिंग घेतलेला, कमरेला पिस्तूल, तो तिकीट देऊ शकतो आणि अटकही करू शकतो. एक पद्धत ती. म्हणजे वनखात्याच्या माणसाला पूर्ण अधिकार, पण त्याबरोबर पूर्ण प्रशिक्षण, आणि त्याने चुकीचं केलं तर कुठे दाद मागायची तेही ठरलेलं. आपल्याकडे हे लगेच व्हावं असं मला वाटत नाही. पंचवीस वर्षांच्या एकट्या वनरक्षकाच्या हातात उद्या चलनाचं मशीन दिलं तर त्याच्यावर ताण वाढेल, वशिल्याचे फोन येतील, आणि ज्या कामासाठी तो भरती झाला ते बीट फिरणं, वणवा विझवणं, पाणवठे बघणं मागे पडेल.

मला वाटतं ते असं आहे, तुम्ही तिघांनी एका टेबलावर बसून ठरवायचं. राज्यातल्या अभयारण्यांतून आणि राष्ट्रीय उद्यानांतून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यांची यादी करा, कुठून कुठपर्यंत ते किलोमीटर दगडानिशी. त्या पट्ट्यांसाठी वेगमर्यादेची अधिसूचना काढा आणि तिचा नंबर बोर्डावर छापा, बोर्ड झाडीत लपणार नाही असा लावा. हॉर्न बंदीची खूण लावा, कारण नो हॉर्नची खूण असेल तिथे हॉर्न वाजवला तर कलम १९४ एफ खाली एक हजार दंड आहे, दुसऱ्या वेळी दोन हजार, पण खूणच नाही तर कोण वाजवायचा थांबणार. वेगाचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३६ ए आलंय, कॅमेऱ्याने नजर ठेवायचं, आणि २०२१ च्या नियमात धोक्याच्या पट्ट्यांवर अशी यंत्रं लावायची आणि त्याआधी वाहनचालकाला दिसेल असा इशारा फलक लावायचा असं आहे. अभयारण्याचा पट्टा धोक्याचा नाही तर कुठला? कॅमेरा यायला वेळ लागणार असेल तर तोवर दोन टोकांच्या नाक्यांवर गाडीच्या नंबरची आणि वेळेची नोंद ठेवा. बारा किलोमीटर कुणी नऊ मिनिटांत काटले तर तो ऐंशीने आला हे माझ्या पाचवीच्या वर्गातली मुलंसुद्धा सांगतील. त्यावर चलन होत नसेल तर निदान खालच्या टोकाला उभ्या पोलिसाला ती गाडी थांबवून ताकीद देता येईल, आणि मुख्य म्हणजे रात्री सांबर मेलं तर त्या वेळात कुठल्या गाड्या गेल्या ते वहीत सापडेल.

शनिवार-रविवार आणि पावसाळ्यात वनखात्याच्या नाक्यावर एक गणवेशातला पोलीस द्या. एकच. तो लायसन्स बघेल, वनरक्षक डिकी बघेल, दोघांना एकमेकांचा आधार होईल. साध्या कपड्यातल्या माणसांना गाड्या थांबवायला लावू नका, समितीची मदत पार्किंग आणि कचऱ्यासाठी घ्या, त्यांना ओळखपत्र आणि जॅकेट द्या. पावतीवर कशाचे पैसे, कुठल्या नियमाने, गाडीचा नंबर आणि घेणाऱ्याचं नाव एवढं असू द्या. आणि नुसतं जाणाऱ्याकडून प्रवेश शुल्क घेऊ नका, थांबणाऱ्याकडून जरूर घ्या, जास्त घ्या, मी स्वतः देईन.

धडकून पळालेल्या गाडीचं प्रकरण कुणी नोंदवायचं हे एका परिपत्रकाने ठरू शकतं ना? वनरक्षकाचा पंचनामा आणि पोलिसांचा तपास एकाच नंबरखाली चालावा, बंपरचा तुकडा कुणीतरी पिशवीत भरून सील करावा, नाक्यावरचं फुटेज त्याच रात्री मागवावं. पेंचजवळ नागपूर-शिवनी हायवेवर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ ठिकाणी खालून वाटा ठेवल्या, त्यातली सगळ्यात मोठी साडेसातशे मीटरची, आणि त्यातून वाघ जातात हे ट्रॅप कॅमेऱ्यात दिसलंय. तो मोठा खर्च होता आणि तो आपण केला. त्याच्यापुढे मी मागतेय तो कागद, बोर्ड आणि एक पोलीस आहे.

त्या दिवसाची 'पर्यटन शुल्क' लिहिलेली पावती माझ्याकडे अजून आहे. बंपरचा तुकडाही आहे, तो त्या रात्री कुणी घेतलाच नाही, आमच्या गॅलरीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय, राखाडी रंगाचा आहे. तुमच्यापैकी कुठल्या खात्याकडे जमा करायचा तेवढं कळवा, मी स्वतः आणून देते.

आपली,
घाटातून नेहमी जाणारी एक शिक्षिका, पुणे